माझ्या वजनाची खडी

पिंगळी ठेसनाला लागून कापसाच्या आडत्याची पत्र्याची शेड होती आणि तिच्या आढ्याला माल जोखायचा मोठा ताजवा टांगलेला असायचा. मी हैदराबादला निघालो त्या सकाळी आईनं मला त्या ताजव्याच्या एका पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात रिकामं पोतं ठेवलं, आणि रुळाशेजारच्या खडीच्या ढिगातून ओंजळी भरभरून ती त्या पोत्यात ओतायला लागली. ठेसनावरचा हमाल लांबूनच म्हणाला की बाई, ते सरकारी दगड आहेत. आईनं ओंजळ न थांबवता त्याला सांगितलं, सरकारच्या गाडीनं माझं लेकरू न्यायलंय, मी चार दगडं नेले तर काय बिघडलं? हमाल हसला आणि त्यानंच शेवटचे दोन-चार दगड टाकून पारडं बरोबर केलं.

तिनं बिरोबाला नवस बोलला होता. पोरगं परमुलखात जगलं-तगलं आणि भरल्या पोटानं परत आलं, तर त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या पायरीवर वाटीन. गूळ एकदम कुठून आणायचा? थोडा थोडा साठवायला हवा, आणि किती साठवायचा ते आधी कळायला हवं. म्हणून ही खडी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोतं उचलून बघितलं आणि म्हणाले की हे तर एका हातानं उचलायलंय, आपला एडका याच्यापेक्षा जास्त भरंल. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. आबा ते पोतं खांद्यावर घेऊन पाठमोरे चालले होते. जत्रेत लहानपणी मला घ्यायचे, अगदी तसंच घेतलं होतं.

तुमच्यापैकी जे गावातच मागं राहिले त्यांना आणि माझ्यासारखे जे त्याच गाडीत बसून गेले त्यांनाही, मी हैदराबादेत काय बघितलं ते सांगून खरं वाटणार नाही. मला काम मिळालं होतं एका नवाबाच्या ड्योढीत, म्हणजे वाड्यात. ड्योढीच्या मागच्या अंगणात बावर्चीखान्यासाठी एडके पाळलेले असत. आमच्याकडून मेंढरं नेणाऱ्या व्यापाऱ्यानंच माझं नाव सांगितलं होतं. काम ऐकून मी चाट पडलो. एडक्यांना चारायला न्यायचं नाही. जागेवरच बांधून ठेवायचं, भिजवलेले हरभरे खाऊ घालायचे, आणि त्यांनी हलायचं नाही एवढं बघायचं. आमच्या सात पिढ्या मेंढरांच्या मागं चालण्यात गेल्या, आणि इथं मेंढरू चालू नये म्हणून पगार.

आणि ते जेवण! माणूस आत बसू शकेल एवढे मोठे देग. दस्तरखानावर बिर्याणी, दालचा, शीरमाल, तुपात पोहणारे मिठे तुकडे, आणि समोरची माणसं दोन घास खाऊन उठायची. उरलेलं सगळं आम्हा नोकरांना. भूक न लागता जेवता येतं, हे मला हैदराबादेत कळलं. गावाकडं भूक आधी यायची, भाकरी मागून. इथं जेवण आधीच येऊन बसलेलं असे आणि भुकेला कुणी विचारत नव्हतं. मी प्रत्येक घासाला आईची आठवण काढायचो आणि पुढचा घास घ्यायचो. आई म्हणायची, "खाल्लेलं अंगावर दिसाया पायजे." ते दिसायला लागलं. गाल भरले, मनगटातलं चांदीचं कडं रुतून बसलं. गावाकडच्या ओळखीच्या माणसानं एकदा मला बाजारात बघितलं आणि रस्ता सोडून बाजूला उभा राहिला. त्याला वाटलं कुणी जमादारसाहेब आले.

काही वर्षांनी नवस फेडायला गावी गेलो. आईनं दारातच दोन्ही हातांनी माझे खांदे, दंड, पोट चाचपलं. खडीच्या पोत्याबरोबर तोलून तिनं गूळ साठवला होता, भेली फडक्यात बांधून उतरंडीत ठेवल्या होत्या. देवळासमोरच्या लिंबाला ताजवा टांगला. मी एका पारड्यात, गूळ दुसऱ्यात. गुळाचं पारडं टांगल्या जागी वरच राहिलं. मी जमिनीला टेकलेलो.

मग एक म्हातारा म्हणाला, निघताना पोरगं जेवढं होतं तेवढाच गूळ कबूल केलेला, तेवढा दिला म्हणजे झालं. आईला ते कबूल नव्हतं. देवाला मी माझं लेकरू बोलले, पोतं न्हाई बोलले, असं तिचं म्हणणं. मग जो तो घरी गेला आणि हाताला लागला तो गुळाचा खडा घेऊन आला. कुणी भेलीच आणली, कुणी लेकराच्या हातातला तुकडा काढून आणला. पारडं खाली यायला लागलं तसं लोक मोठ्यानं हसायला लागले, आणि मी हवेत उचललो गेलो तेव्हा आईनं पायरीवर डोकं टेकलं. आमच्या पट्टीत एवढं भरलेलं माणूस कुणी बघितलं नव्हतं. मला स्वतःचंच नवल वाटत होतं.

पण लिंबापासून घरापर्यंत चालताना मी वाटेत बसलो. उजव्या बरगडीखाली कुणी ओला चिखल भरून ठेवल्यासारखं जड वाटत होतं. ते तसं बरेच महिने होतं. झोप झाली तरी अंग उठायचं नाही.

हैदराबादेत परतल्यावर ड्योढीच्या हकीमसाहेबांनी मला आडवं केलं, श्वास घ्यायला सांगितला आणि बरगडीखाली बोटं रुतवली. बोटं तिथंच थांबली. "मियाँ, जिगर पे चर्बी चढ गई. नक्को खाओ इतना. दवा मेरे पास कम है, तुम्हारे पाँवाँ में ज्यादा है." जिगर म्हणजे यकृत, बकऱ्यात आपण ज्याला काळीज म्हणतो ते. दारू न पिणाऱ्याचंही ते बिघडतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, खाऊन खाऊनही बिघडतं, आणि असंच चाललं तर एक दिवस ते दगड होईल. आता नुसती चरबी आहे तोवर ते परत फिरू शकतं. मी अंगणात येऊन बांधलेल्या एडक्यांकडं बघत उभा राहिलो. हरभरा खाऊन त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते.

रजा काढून गावी आलो आणि आबांबरोबर मेंढरांमागं जायला लागलो. पहिले दिवस आबा पुढं, मेंढरं मागं, आणि सगळ्यांच्या मागं मी. सोबत जवारीची भाकरी, चटणी, कांदा. मी उतरायला लागलो तशी आई धास्तावली. देवाला मोजून दिलेलं लेकरू असं आटायला लागलं म्हणजे देव कोपला, याबद्दल तिला शंका नव्हती. भाकरीच्या पापुद्र्यात ती लपवून तूप घालायची, दुधात गूळ कालवून समोर धरायची. नको म्हटलं की डोळ्यांना पदर. हकीम काय म्हणाले ते मी तिला सांगायचो आणि ती म्हणायची, त्याला काय ठावं, त्यानं तुला उपाशी बघितला न्हाई.

मग बिरोबाची जत्रा आली. आमच्या कळपातला एक एडका कापला, आणि पाटलांनी नवसाचा म्हणून दावणीला बांधून दाणा चारलेला एक. मुलाण्यानं दोन्हींची काळजं एकाच परातीत ठेवली. आमच्या चालत्या एडक्याचं काळीज गडद लाल, तुकतुकीत, धारेदार कडेचं. दुसरं केवढं तरी मोठं, फिकं पिवळट, कडा गोल झालेल्या, आणि बोट लावलं तर बोटाला तूप लागावं तशी चरबी लागायची. आईनं जन्मभर काळजं शिजवली होती, पण अशी दोन शेजारी ठेवलेली बघितली नव्हती. मी तिचा हात धरला, परातीतल्या पिवळ्या काळजावर ठेवला आणि मग माझ्या बरगडीखाली.

"माझ्यात असलं हाय, माय."

ती किती तरी वेळ हात काढेना. देवळाकडं बघत म्हणाली, "म्हंजी मी देवाला तुझं दुखणं तोलून दिलं व्हय रं?"

आबा सुरी धूत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, "देवानं गूळ घेतला. दुखणं त्यानं घेतलं न्हाई, ते उतरवायचं आपल्याला हाय."

त्या दिवसानंतर भाकरीत तूप आलं नाही. उलट मी दुसऱ्या भाकरीला हात घातला की आईच दुरडी उचलायची. हे करताना तिला काय वाटत असेल, त्या बाईला जिनं जन्मभर सगळ्यांना वाढून मग तवा खरवडून खाल्ला? मला अजूनही त्या दुरडी उचलणाऱ्या हाताचं नवल वाटतं.

उन्हाळा संपत आला तेव्हा मी मेंढरांच्या पुढं चालायला लागलो होतो. कडं मनगटावर पुन्हा फिरत होतं. माणसाचं शरीर एवढं क्षमाशील असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निघायच्या दिवशी आईनं पोतं काढलं आणि आम्ही पुन्हा पिंगळीच्या त्या ताजव्याशी आलो. खडी एका बाजूला, मी दुसऱ्या. पारडी जवळजवळ बरोबरीला आली, पण माझं जरासं खालीच राहिलं. मी म्हणालो, अजून थोडं उतरायला हवं. आईनं माझ्याकडं बघितलं, रुळाशेजारी जाऊन ओंजळभर खडी आणली आणि पोत्यात टाकली. काटा मधोमध आला.

"येवढं त्या हैदराबादचं. राहू दे," ती म्हणाली.

हैदराबादेत हकीमसाहेबांनी बरगडीखाली बोटं रुतवली, पुन्हा रुतवली, आणि "सुभानअल्ला" म्हणून हात धुवायला गेले. मी इथंच राहिलो, इथंच संसार केला. घरात जवारी येते आणि सणाला बिर्याणीही होते. पोट भरायच्या आधी उठायचं, हे मात्र मी अजून रोज नव्यानं शिकतो.

आई नाही, आबा नाहीत. पोतं गावी राहिलेल्या थोरल्या भावाच्या घरात कोपऱ्यात आहे. गावी गेलो की मी त्याच्यासमोर बसतो. गोणपाट दोनदा कुजलं आणि दोन्ही वेळा आईनं नव्या पोत्यात खडी ओतून तोंड शिवलं. परवा ते उघडून बघितलं. त्यातली कुठली खडी पहिल्या दिवसाची आणि कुठली तिनं मागून घातलेली, मला ओळखता आली नाही.