मापाची बंदूक

माझी उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

दोन हजार सहा साली मी इंग्लंडात वॉटफर्डजवळच्या एका क्ले-शूटिंग क्लबात जायला लागून वर्ष झालं होतं. क्ले म्हणजे यंत्रातून हवेत भिरकावलेली, चहाच्या बशीएवढी नारिंगी चकती. ती खाली पडायच्या आत बंदुकीने फोडायची. ऑफिसने एकदा सगळ्यांना मजा म्हणून तिथे नेलं होतं. माझी पहिली चकती हवेतच भुगा झाली आणि मला वेडच लागलं. "पुण्यात तू लवंगी फटाक्याला कानात बोटं घालायचीस," असं नवरा म्हणाला. खोटं नव्हतं ते. पण दुसऱ्याने उडवलेला फटाका वेगळा आणि आपल्या हातातला वेगळा.

रीतसर शॉटगन सर्टिफिकेट काढलं. पोलिसांचा माणूस घरी येऊन जिन्याखालचं स्टीलचं कपाट हलवून बघून गेला. किल्ली फक्त माझ्याकडे ठेवायची होती, घरात इतर कुणाला ती कुठे असते हेही कळता कामा नये. माझ्या सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. वेलदोड्यांच्या डब्यापासून माझ्या पे-स्लिपपर्यंत काय कुठे आहे हे त्यांना आठवड्याभरात पाठ झालं होतं. ही एक किल्ली मात्र त्यांना सापडली नाही, आणि ते त्यांना बरेच दिवस डाचत होतं.

मी सेकंडहँड सेमी-ऑटोमॅटिक घेतली, कारण तिचा धक्का कमी बसतो. पण ती बेतली होती सहा फुटी गोऱ्या माणसाच्या मापाने. दस्ता खांद्याला लावला की माझी मान बगळ्यासारखी पुढे जायची, डोळा नळीच्या रेषेत यायचा नाही आणि प्रत्येक बाराला गालावर चापट बसायची. पन्नासातल्या पस्तीस चकत्यांच्या पुढे गाडी सरकेना. ऑक्टोबरात क्लब आपल्यातले पहिले सहा निवडून शेजारच्या काउंटीविरुद्ध टीम पाठवणार होता. मला त्या सहांत यायचं होतं. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी वहीच्या कोपऱ्यात एक ते सहा आकडे लिहायचे आणि सहाव्यापुढे रेघ मारून ठेवायचे, इतकं यायचं होतं.

दस्ता आखूड करायला बंदुका दुरुस्त करणाऱ्याने सहा आठवडे लागतील म्हणून सांगितलं. माझ्याकडे पाच होते. म्हटलं, लाकूडच तर कापायचंय, घरीच करू. इंटरनेटवर वाचून वाचून मी निम्मी सुतार झालेच होते. एका शनिवारी सकाळी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, दस्ता सोडवला, किचनच्या टेबलावर ठेवला आणि पेन्सिलने एक इंचावर खूण करून करवत उचलली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "माप कुणी घेतलं?"

"इंटरनेटवर आहे, आई. माझ्या उंचीला एक इंच कमी करायचा."

"इंटरनेटने तुझा हात बघितलाय का?"

सासूबाईंनी तीस वर्षं पेठेत ब्लाउज शिवले. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांना त्याचं माप नजरेनेच कळायचं. त्यांनी पर्समधून टेप काढली. परदेशी येतानाही टेप पर्समध्येच. मला उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपरापासून बोटापर्यंत दोनदा मोजलं. मग विचारलं, "मॅचला अंगावर काय घालणार?"

"जाड जाकीट. तेव्हा थंडी असेल."

"मग ते घालून ये. स्वेटरवर माप घेतलेला ब्लाउज नुसत्या अंगावर बसत नाही, तसंच उलटं."

हे इंटरनेटवर कुठेच नव्हतं. मी सप्टेंबरच्या उन्हात जाकीट घालून किचनमध्ये उभी राहिले आणि माप पाव इंचाने बदललं. तरी त्यांनी पूर्ण कापू दिलं नाही. "माया ठेव. कापलेलं जोडता येत नाही. आधी थोडं काप, वापरून बघ, मग बाकीचं." टेलरच्या निळ्या खडूने त्यांनी रेघ मारली, लाकडाचे कपचे उडू नयेत म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि करवत चालवली. तुकडा खाली पडला तेव्हा नवरा दारात चहा घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "आता परत विकता यायची नाही."

पुढचे तीन रविवार सासूबाईंचं ट्रायल चाललं होतं. मी क्लबातून आले की गाल बघायचा, खांदा बघायचा आणि सुधारणा सांगायची. कापलेल्या जागी रबराची गादी बसवली. दस्ता आणि बंदुकीच्या सांध्यात प्लॅस्टिकची पातळ चकती घालून त्याचा उतार बदलला. गाल टेकतो तिथे फोमचे दोन थर दिले, वर माझ्या जुन्या पर्सचं चामडं. ते त्यांनी आधी नुसतं चिकटपट्टीने लावलं, कच्चा टाका घालतात तसं, आणि तिसऱ्या रविवारी पक्कं केलं. त्या दिवशी मी बेचाळीस फोडल्या. गाडी चालवताना मी मोठ्याने गात घरी आले. मला गाता येत नाही.

मग आली खंडेनवमी. घरातली हत्यारं पूजायची. सासूबाईंनी आपली कात्री मांडली, नवऱ्याने लॅपटॉप. मी बंदूक पाटावर ठेवली. रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून तिची वरची झडप उघडी ठेवायची मला सवयच होती. "एक बोट कुंकू दस्त्याला लाव, बास," असं सासूबाई म्हणाल्या. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मला टीममध्ये जायचं होतं आणि देवाकडून जरा जास्तच हवं होतं. मी मूठभर अक्षता घेतल्या आणि लग्नात टाकतात तशा वरून सोडल्या. नंतर बंदूक पुसली, झटकली आणि कपाटात ठेवली. रविवारी निवड होती.

त्या रविवारी सासूबाई पहिल्यांदाच आल्या. साडीवर नवऱ्याचा अनोरॅक, पायात माझे वेलिंग्टन बूट, कानांवर आवाज अडवणारे मफ आणि मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. फळ्यावर सहाव्या जागी बेचाळीस लागले होते. मला त्रेचाळीस हवे होते.

मैदानावर उभं राहून नेम धरायच्या पाच जागा, प्रत्येक जागी दहा चकत्या, जोडीजोडीने. पहिल्या दोन जागांवर अठरा फुटल्या. हात असा चालत होता की मला माझाच हेवा वाटला. तिसऱ्या जागेवर एक हुकली, ठीक होतं. पण शेवटच्या जोडीला मी चाप ओढला तर काहीच झालं नाही. काडतूस वर येऊन अडकलं होतं. मी नळी मैदानाकडे ठेवून हात वर केला.

क्लबचा कॅप्टन, निवृत्त बस ड्रायव्हर, पंच म्हणून मागे उभा होता. त्याने बंदूक घेतली, काडतूस काढलं आणि बंदूक उलटी करून टिचकी मारली. त्याच्या तळव्यावर एक लाल दाणा पडला.

"व्हॉट्स धिस?"

"राइस," मी म्हणाले.

"राइस?"

"अनकुक्ड," मी म्हणाले. त्याने काही मदत झाली नाही.

"आय अॅम सॉरी, लव्ह. कीपिंग द गन क्लीन इज युअर जॉब. दॅट्स टू लॉस्ट."

नियम बरोबर होता, म्हणूनच संताप आला. कॅप्टनचा नाही, स्वतःचा. तीस चकत्यांत पंचवीस झाल्या होत्या, उरलेल्या विसांत अठरा फोडायच्या होत्या. मागून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हटलं, "माझ्या अक्षता, आई." त्यांनी पर्समधून केसांची पिन काढून माझ्या हातात दिली. मी कॅप्टनसमोर आतली खाच पिनेने कोरून काढली. आणखी दोन दाणे निघाले.

चौथ्या जागेवर नऊ. पाचव्या जागेवर पहिल्याच जोडीतली एक हुकली. आता आठच्या आठ. मला आठवतं ते एवढंच, की बंदूक खांद्याला लावायला लागतच नव्हती, ती आपणहून तिथे येऊन बसत होती. मान सरळ, गाल चामड्यावर, आणि समोर नारिंगी चकती ढगाच्या कडेला. सहा फुटल्या. सातवी फुटली. आठवी यंत्राने हवेत न उडवता जमिनीवर सोडली होती, ती सशासारखी उड्या मारत घरंगळत आली, मी तिला जरा जास्तच पुढे जाऊ दिलं, आणि ती कुंपणापाशी फुटली.

क्लबची पद्धत अशी, की टीममध्ये आलेल्याने कॅप्टनच्या यादीत आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. कॅप्टनने पाटीवरचा कागद माझ्यापुढे धरला आणि पेन दिलं. मी पेनचं टोपण काढलं आणि वरची नावं एकापासून मोजायला लागले. पाच नावं होती आणि खाली कोरी ओळ.

सासूबाई पुऱ्यांचा डबा बगलेत धरून लगबगीने आल्या. "सही मागतोय का? आधी वाचलंस का काय लिहिलंय ते? वाचल्याशिवाय सही करायची नसते."

"वाचलं, आई," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. "काही लिहिलेलं नाहीये. जागा रिकामी ठेवलीय."