मामेसासऱ्यांनी सोडलेले रोडगे

भारताच्या फुटबॉल संघावर जीव टाकणारी माणसं बंगालात असतील, केरळात असतील, गोव्यात तर घरोघरी असतील. पण त्या संघापायी रोडगे सोडलेला माणूस साऱ्या आशिया खंडात एकच आहे. तो अकोल्याला राहतो आणि माझ्या बायकोचा सख्खा मामा लागतो. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला या त्यागाची खोली कळायची नाही, म्हणून सांगतो. हिवाळा लागला की आमच्याकडे वावरावावरांतून गोवऱ्यांचा धूर निघू लागतो. जाडसर कणकेचे गोळे त्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या जहाल भाजीबरोबर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायचे, याला रोडगे म्हणतात. आमची लग्नं जुळतात ती रोडग्यांवर, भांडणं मिटतात ती रोडग्यांवर, आणि नवस फिटतात तेही रोडग्यांवरच. अशा मुलखात मामा गेली कित्येक वर्षं प्रत्येक पंगतीला येतात, हात धुऊन बसतात, आणि वांग्याची भाजी भाताशी कालवून खाऊन उठतात.

मामा सरकारी मोजणीदार होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात साखळी ओढण्यात गेला, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते अजून हद्द कायम करायला आल्यासारखे बघतात. ऑफसाइड म्हणजे त्यांच्या मते निव्वळ धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद. घरी नवा टीव्ही आला त्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावर लोखंडी फूटपट्टी टेकवून आपला बचावपटू आणि समोरचा आघाडीवीर यांच्यातलं अंतर मोजलं. त्याचा ओरखडा अजून आहे आणि बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या गालावर तो बरोबर येतो. देशांची ओळख त्यांना क्षेत्रफळावरून. "जवाईबापू, आपल्या एका अकोला जिल्ह्यात पाच-सहा बहरीन आरामात मावते," ते मला म्हणाले होते, "आन् त्यायनं आपल्याले पाच गोल मारले! पाच!" जणू बहरीननं आधी आपला आकार बघायला हवा होता. तिवस्याला भाचीसाठी स्थळ बघायला गेलो, तर मुलाकडचे पगार, शेती, नागपूरचा फ्लॅट असं सांगत असताना मामांनी मध्येच विचारलं, "ते राहू द्या. पोराले ऑफसाइड समजते का?" पोरगा हुशार. त्यानं पोह्यांच्या बशा इकडे-तिकडे सरकवून ऑफसाइड समजावून सांगितला, निम्मा चुकीचा. मामांनी तो तिथल्या तिथे दुरुस्त केला आणि लग्न जमलं. आमची भाची सुखात आहे, हेही सांगून टाकतो.

मी अमरावतीला शिकवणी वर्ग चालवतो. समोरच्याला प्रश्न विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. क्रिकेट सोडून बाकी खेळ फक्त शाळेच्या मैदानावर असतात अशी समजूत असलेल्या गावात हा माणूस फुटबॉलकडे वळलाच कसा, आणि त्यातही जगाची स्पर्धा सोडून आशिया चषकाशीच का चिकटला, याचं मला पहिल्यापासून कुतूहल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी चटकन दिलं. जगाच्या स्पर्धेत आपण जातच नाही, मग तिथं जीव कशाला टांगायचा? आशियाच्या धुऱ्यापर्यंत तरी आपण अधूनमधून पोहोचतो. त्यांच्या तोंडून या चषकाचा इतिहास ऐकणं म्हणजे एखाद्या घरातली जमीन कशी कशी गेली ते ऐकणं. चौसष्ट साली पहिल्यांदा गेलो ते थेट दुसरे आलो, तेही कोरियाला हरवून. त्या वेळी एकूण संघ चारच होते, हे मामा कधी सांगत नाहीत. मला ते इतरत्र कळलं. चौऱ्याऐंशीत गेलो, एकही गोल मारला नाही, पण इराणला रोखलं. मग पुढची सत्तावीस वर्षं तिकडे फिरकलोच नाही. दोन हजार अकरात पुन्हा गेलो आणि तिन्ही सामने हरून आलो, कोरियाशीसुद्धा. बहरीनचे ते पाच गोल त्याच वेळचे.

त्या अकराच्या पराभवानंतर मामा-मामी नात्यातल्या मंडळींबरोबर काशीला गेले. तिथं गंगेत उभं राहून आवडीची एखादी वस्तू सोडायची असते. शहाणी माणसं नावडती सोडतात. मामींनी दोडकी सोडली, त्यांच्या बहिणीनं कारलं सोडलं. मामांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "रोडगे. आशिया चषकात आपली टीम गटातून पुढं जाईपर्यंत." पंड्याला रोडगे म्हणजे काय ते समजावण्यात थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "बाबूजी, गंगाजी में शर्त नहीं चलती. छोड़ा तो छोड़ा." मामा सरकारी नोकरीत होते. "हमारे यहाँ सब काम मुदत पर होता है," असं म्हणून त्यांनी पाणी सोडून दिलं. मामी काठावरून ओरडत राहिल्या, "अहो, तुमीबी दोडकीच सोडा नं!" परत आल्यावर नातेवाइकांनी पळवाटा पुष्कळ काढल्या. क्रिकेटवाल्यांनी आशियाचा कप जिंकला तेव्हा एकानं तर रोडगे डब्यात घालून घरी आणले. मामांनी डबा उघडला, वास घेतला, आणि "नाव सारखं हाये, सर्व्हे नंबर अलग हाये," असं म्हणून परत केला.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत मात्र सुटकेचा रंग दिसू लागला. आपण थायलंडला चार गोल मारले. मामांनी पेढे वाटले. पुढचा सामना हरलो, पण शेवटच्या सामन्यात बहरीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी गटातून पुढे जायचं नक्की होतं. मामींनी त्या दिवशीच गहू जाडसर दळून आणले, वावरात गोवऱ्या नेऊन टाकल्या, आणि साऱ्या नातेवाइकांना निरोप गेले की उद्या रोडग्यांना या. सामना अगदी संपता संपता बहरीनला पेनल्टी मिळाली आणि आपण एका गोलानं हरलो. आमंत्रणं मागे घ्यायला कुणाचा जीव झाला नाही. आम्ही सकाळी अमरावतीहून पोहोचलो ते मनात अवघडूनच. मला वाटलं मामा घरात पांघरूण घेऊन पडले असतील. ते वावरात विस्तवाशी बसून चिमट्यानं रोडगे फिरवत होते. डोळे लाल झाले होते. धुरानं झाले असतील. सगळ्यांच्या पानांत त्यांनी स्वतः वाढलं. माझ्याकडे आले तेव्हा दोन रोडगे टाकून म्हणाले, "खा जवाईबापू, तुमचं काई चुकलं नाई."

जेवणं झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि राहिलेला प्रश्न विचारला, की हा खेळ लागला तरी कशानं. मामांनी हातावरची राख पुसली. "मी एवढी वर्षं मोजणी केली," ते म्हणाले, "मोजणी झाल्यावर दोन्ही भाऊ खूश, असं मले एकदाबी पाहाले भेटलं नाई. मी निंगालो का मागं कुऱ्हाडी निंगत. एकदा नागपूरले साहेबाच्या कामानं गेलो होतो, तिथं मैदानावर हा खेळ चालू होता. चुन्यानं रेघ मारली होती आन् दोन्हीकडचे बावीस माणसं त्या रेघेले मानून राह्यले होते. मी उभाच राह्यलो, साहेबाचं काम राह्यलं." मग म्हणाले, "कालबी पाहा. त्यायले पेनल्टी भेटली, पण जागा होती तेथूनच मारली नं त्यायनं."

त्यानंतरच्या चषकात आपण तिन्ही सामने हरलो, एकही गोल न मारता. आणि त्याच्या पुढच्या, सत्तावीस सालच्या, स्पर्धेत तर पोहोचलोच नाही. पात्रता फेरीत सिंगापूरनं दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी फोनवर मामा सिंगापूरच्या क्षेत्रफळाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, तेव्हाच मला काळजी वाटली. थोड्याच दिवसांत त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन अमरावतीला ठरलं, म्हणून ते आदल्या दिवशी आमच्याकडे उतरले. दुपारी बायका दवाखान्याच्या पिशव्या भरत होत्या, तेव्हा त्यांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घ्यायला सांगितलं. "आता पुढचं गणित एकतीस साली," ते म्हणाले. "तवर मी राहीन का नाई, सांगता येत नाई. वारस लावाचा हाये."

मला वाटलं वावराबद्दल बोलत असतील. मी म्हटलं, दोन्ही मुलींना सारखं देऊन टाका. "वावराचं नाई म्हणून राह्यलो, रोडग्याचं!" मामा वैतागले. "आपली टीम पुढं गेली, आन् मी नसलो, तं माह्या वाटचे रोडगे तुमी खासान का?" एवढंच ना, म्हणून मी हसत म्हटलं, "खाईन की मामा, पोटभर खाईन." मामा उशीवर जरासे उठून बसले. "मंग तवर तुमीबी खाचे नाई. जमीन वारसाकडं गेली का सातबाऱ्यावरचा बोजाबी त्याच्याकडंच जाते." मला रोडगे फार आवडतात. हिवाळ्याची मी त्यांच्यासाठीच वाट बघतो, आणि फुटबॉलशी माझं काहीही देणंघेणं नव्हतं. मामांनी घाई केली नाही. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. आपण गेल्यावर वाट बघणारं कुणी उरणार नाही, याची होती, आणि ती चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती. मला त्यांच्याबद्दल विलक्षण माया वाटली. मी "बरं" म्हणून बसलो.

ऑपरेशन छान झालं. मामा आता ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जातात. या हिवाळ्यात अकोल्याच्या वावरात पहिली पंगत बसली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो. मामी रोडग्यांचं टोपलं घेऊन वाढत आल्या. मामांचं पान त्यांनी सवयीनं ओलांडलं आणि माझ्यापाशी थांबल्या. मी पानावर हात आडवा धरला. मामींनी मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "तुमीबी का?" एवढंच म्हणून टोपलं पुढे नेलं. तुपाचा वास येत होता. मामांनी वांग्याच्या भाजीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि एकतीस सालासाठी आपल्याला कुणाकुणाशी खेळावं लागेल ते हळू आवाजात सांगू लागले. मला सपाटून भूक लागली होती, पानात नुसता भात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपला संघ जिंकावा असं मला मनापासून वाटत होतं.