हेडर फाइल वाचणाऱ्या मॅडम

"हिचं हितं काय काम?" प्रोग्रामच्या छापील कागदावरच्या ओळीखाली पट्टी धरून मॅडम विचारायच्या. उत्तर आलं नाही की ती ओळ खोडलीच म्हणून समजा. बारामतीच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटरपुढं बसायचे, मॅडम एकट्या कागद वाचायच्या. आम्ही मागून हसायचो. फार शहाणे होतो ना!

एका साखर कारखान्यासाठी ऊसनोंदीचा डेटाबेस चालला होता. कोणत्या रकान्यात काय, हे हेडर फाइलमध्ये एकदाच लिहायचं आणि बाकी फाइलींनी तिथूनच घ्यायचं, हा मॅडमचा नियम. मी मात्र सोयीसाठी त्या ओळींची नक्कल तोडणीच्या यादीच्या, म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा त्या क्रमाच्या, फाइलीत चिकटवली होती.

हंगाम तोंडावर आला आणि कारखान्यानं खोडव्यासाठी, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकासाठी, मागच्या तोडणीच्या तारखेचा रकाना वाढवून मागितला. मी तो हेडरमध्ये वाढवला आणि नक्कल विसरलो. यादी छापून झाली. ती न्यायला कारखान्याचे शेती अधिकारी येऊन बसले होते.

मॅडमनी ती खालून वाचायला घेतली.

"सांगवीचा आडसाली तळाला? सोळा महिन्यांचा ऊस हाय ह्यो. तुरं येऊन पोकळ पडंल की!"

"आता जाऊ द्या यादी, मॅडम. नंतर बघू," आमचे मालक म्हणाले.

"न्हाय. आज न्हाय जायची."

मशीनला हात न लावता त्यांनी फाइलींचे कागद टेबलावर मांडले. अर्ध्या तासात पट्टी माझ्या नकलेवर थांबली. लागणीच्या तारखेच्या जागी आता नवा रकाना आला होता, आणि जुन्या नकलेमुळं यादी तोच लागणीची तारीख म्हणून वाचत होती. ज्यांचा खोडवा नव्हता त्यांचा तो रिकामा, म्हणून त्यांचा पक्का ऊस तळाला. एवढ्या ओळींतून हे नुसत्या डोळ्यांनी! मला नोकरीची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त अचंबा.

"कुणी केलं हे? आजच घरी पाठवतो त्याला," मालक कडाडले.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "फाइलीची जबाबदारी माझ्याकडं हाय. मलाच धाडा."

मालकांनी अधिकाऱ्यांना उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मॅडमनी सगळ्या हेडर फाइली झाडूनपुसून घेतल्या आणि यादी नीट गेली.

पुढं त्या इंदापूरला शिकवायला गेल्या आणि त्यांच्या फाइलींचं काम माझ्याकडं आलं. कुणी काय बदललं, हे प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर लिहायची आमची पद्धत. यादीची फाइल उघडली. नक्कल चिकटवल्याच्या नोंदीपुढं मॅडमचं नाव होतं. ती चूक शोधून काढल्याच्या नोंदीपुढं माझं.