फाशावरचं बाळंतपण

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

दर रविवारी लालबागला माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही फासे टाकून राजा-राक्षसांचा काल्पनिक खेळ खेळतो. नियम मी ठरवतो. आज खेळात अश्विनीचं पात्र, एक लढवय्यी राणी, बाळंत होणार होती, म्हणून मी नवा नियम केला: फाशावर एक पडला तर बाळ जगणार नाही.

एकच पडला.

"काय शेठ, सुईण स्वस्तातली आणली वाटतं," आमच्यातला गण्या मला म्हणाला. सगळे हसले. अश्विनीचा नवरा नितीन हसला नाही.

अश्विनीने विचारलं, "दादा, बाळाचं नाव ठेवलं तर चालेल? नियमात बसतं का?"

"बसतं गं. ठेव."

"ईशान," ती लगेच म्हणाली. हे नाव आज सुचलेलं नव्हतं, आवाजावरूनच कळलं.

नितीन खाली बघत म्हणाला, "आमचा मुलगा बारशापर्यंत राहिलाच नाही, शेठ. नावाने कोणी हाकच मारली नाही त्याला."

फासे बाजूला ठेवून आम्ही एकेकाने ते नाव घेतलं. गण्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

तुमच्याही घरातून कोणी असं बिननावाचं गेलंय का? मनात ठेवलेलं नाव खाली लिहा. मी मोठ्याने वाचेन.