ठोकळा कशाचा, सर?

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. आम्ही तिघींनी फिजिक्सच्या वहीवर हात ठेवून तसं ठरवलं होतं. पण असे किस्से साठत जातात आणि मग त्यांना कुठेतरी जागा लागते. माझ्याकडे ती जागा म्हणजे वहीची मागची पानं. पुढून गणितं, मागून किस्से! आता दोन्हींची गाठ पडायला चारच पानं उरलीत, म्हणून हे वेगळ्या कागदांवर उतरवते.

तिघी म्हणजे निकिता, वैष्णवी आणि मी. आम्ही अकरावीत आहोत. लातूरला एका खोलीत राहतो आणि प्रवेश परीक्षेचा क्लास करतो. मी जळकोटची. मी फार बोलत नाही, बघत बसते. निकिता नांदेडची, तिला सगळी सूत्रं तोंडपाठ. वैष्णवी देवणीजवळच्या एका खेड्यातली. तिची सूत्रं पाठ होत नाहीत, कारण ती मध्येच हात वर करते.

"ठोकळा कशाचा, सर? लाकडाचा का दगडाचा?"

"पाच किलोचा!" सर म्हणतात.

अशानं तिचा वेळ जातो आणि मार्कही जातात. तिच्या अप्पांनी सांगून ठेवलं होतं, "मेकॅनिक्सच्या टेस्टला निम्मे मार्क पडले तर लातूर. न्हाई पडले तर गावाकडं ये, देवणीच्या कॉलेजात शिक." टेस्टला महिना होता. तो सगळा महिना आम्ही गणितं सोडवत होतो.

*

घर्षणाचं एक गणित होतं. उतारावर ठेवलेली वस्तू किती अंशांना घसरेल? निकितानं सूत्र लिहिलं. वैष्णवी म्हणाली, "बघूच की!"

मेसमध्ये तिनं ताटात पोळी ठेवली आणि ताट एका बाजूनं उचलत नेलं. निकितानं कोनमापक धरला. पोळी पंचवीस अंशांना घसरली. भाकरी मात्र चाळीस झाले तरी जागची हलेना.

मेसच्या मावशी परात घेऊन चालल्या होत्या. "काय करायलात गं पोरींनो?"

"मावशी, भाकरीचं घर्षण मोजतोय."

"माझी भाकर घसरत नसती. खालून पीठ हाय तिला. घसरवायची आसंल तर तूप लावून बघा."

लावलं. दहाच अंशांना भाकरी ताटातून निघाली ती थेट फरशीवर!

मावशी परत आल्या, फरशीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोन लिहून घेतला का? घ्या. आन् आता ती खा!"

*

क्लासच्या इमारतीत लिफ्ट आहे. लिफ्ट वर निघाली की वजन जास्त भरतं, असं पुस्तकात आहे. निकितानं कुठून तरी वजनकाटा पैदा केला. वैष्णवी त्याच्यावर उभी राहिली आणि आम्ही दोघी काट्यापाशी खाली बसलो. लिफ्ट सुटताना काटा सेहेचाळीसवरून एकोणपन्नासला जाऊन आला, आणि खाली यायला निघताना त्रेचाळीसला!

चार वेळा वर-खाली केल्यावर वॉचमन मामांनी दार अडवलं. निकितानं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, आपल्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मग माणसानं दिवसभर नुसतं खालीच यावं की!"

*

हा किस्सा माझा आहे, म्हणून थोडक्यात.

क्लास सुटला की सरांच्या टेबलापुढे डाउट विचारणाऱ्यांची रांग लागते. मी तीन दिवस रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला की मागच्या मुलीला म्हणायची, "तू जा." आणि पुन्हा शेवटी जाऊन उभी राहायची. चौथ्या दिवशी माझ्या मागे कुणीच नव्हतं.

सरांनी गणित बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "तीन दिवसांत तू किती चाललीस?"

"माहीत नाही, सर."

"मी सांगतो. अंतर भरपूर, विस्थापन शून्य!"

गणित मात्र त्यांनी दोन पद्धतींनी समजावून दिलं.

*

निकिता एकदा नांदेडहून परत येताना बसमध्ये घड्याळ आणि वही घेऊन खिडकीशी बसली. किलोमीटरचे दगड मोजायचे आणि सरासरी वेग काढायचा, असा तिचा बेत. लोह्यापर्यंत छान जमलं. पुढे डुलकी लागली. अहमदपूरला जाग आली तेव्हा किती दगड गेले ते कळेना. शेवटी तिनं कंडक्टरलाच विचारलं, "काका, आपल्या बसचा सरासरी वेग किती?"

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाले, "थांबे धरून का सोडून?"

निकिता सांगते की हा प्रश्न आमच्या पुस्तकात पाचव्या पानावर आहे, आणि तिचा तोच चुकला होता!

*

सरांनी एकदा फळ्यावर गणित घातलं. बैल गाडी ओढतो आहे, बैलावर कोणकोणती बलं आहेत ती दाखवा. वैष्णवीला पुढे बोलावलं. तिनं आधी बैल काढला. वशिंड काढलं, गळ्याखालची लोंबती पोळी काढली, कान काढले. मग शिंगं काढायला लागली. मागच्या बाकांवर मुलं तोंड दाबून हसत होती.

"अगं, बैल म्हणजे नुसता एक ठोकळा समजायचा. शिंगं कशाला?"

"शिंगं न्हाई काढली तर देवणी जातीचा हाय हे कळंल कसं, सर?"

पण बाण तिनं बरोबर दाखवले होते. खुरापाशी जमिनीच्या घर्षणाचा पुढे जाणारा बाण वर्गात फक्त तिच्याच आकृतीत होता. निकितानं खाली मान घालून आपल्या वहीत तो गुपचूप काढून घेतला. मी बघितलं.

*

आता शेवटचा. सांगायचा नाही असं ठरलं होतं, तो हाच. वैष्णवी मेसमधून हाक मारायच्या आत उरकते.

मेकॅनिक्सची टेस्ट शनिवारी झाली. तीस प्रश्न. बरोबर आला की चार, चुकला की एक वजा. एकशेवीसपैकी साठ हवे होते. रविवारी सकाळी बोर्डावर यादी लागली. वैष्णवीला सत्तावन्न.

ती खोलीवर येऊन कपडे घड्या घालून पिशवीत भरायला लागली. अकराच्या सुमाराला ठरल्याप्रमाणे तिचे अप्पा आले. रागावले नाहीत. पाणी पिऊन म्हणाले, "चुकलं कुठं ते तर दाव."

तिनं पेपर काढला. "हे बगा. पाच किलोचा ठोकळा जमिनीवर हाय."

"कशाचा?"

"ते सांगत नसतेत, अप्पा. त्याला हलवायला वीस न्यूटन लागतेत. आपण आठनंच ढकलला. तर घर्षण किती? मी आठ लिवलं. सरांच्या उत्तरात वीस हाय."

"सूत्रात घातलं की वीसच येतात काका," निकिता म्हणाली. "मीपण वीसच लिहिलंय." मीही वीसच लिहिलं होतं.

अप्पांनी पेपर हातात घेतला. मग उठले. "चल सरांकडं." वैष्णवीची पिशवी माझ्या हातात होती, म्हणून मीही गेले.

सर केबिनमध्ये एकटेच होते. त्यांनी प्रश्न वाचला आणि घाईनं म्हणाले, "घर्षणांक गुणिले वजन. वीस. सरळ आहे."

"आसंल," अप्पा म्हणाले. कोपऱ्यात जुन्या पेपरांनी भरलेलं लोखंडी कपाट होतं. अप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, कपाटाला खांदा लावला आणि ढकललं. कपाट हललं नाही.

"सर, मी ढकलायलोय. हललं का?"

"नाही."

"तुमच्या हिशोबानं मी लावतोय आठ आन् ह्ये मला लावतंय वीस. मग मी आतापर्यंत दाराभायेर पायजे होतो की!"

सर हसायला लागले आणि मध्येच थांबले. प्रश्न पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचला. मग लाल पेन घेऊन उत्तरसूचीतला वीसचा आकडा खोडला, आठ लिहिला आणि मान वर न करता म्हणाले, "वैष्णवी, वजा झालेला एक परत आणि वर चार. बासष्ट."

वैष्णवीनं माझा हात इतका घट्ट धरला की पिशवी खाली पडली.

मला वाटलं, झालं. पण अप्पांनी टोपी उचलली नव्हती. "एक इचारू का, सर?"

"विचारा ना."

"पोरांचं चुकलं की तुमी एक कापता."

"हो."

"आज तुमचं चुकलं. तुमचा एक कुणी कापायचा?"

वैष्णवी कुजबुजली, "अप्पा, चला आता!" सर उठले आणि आमच्यासमोरून बाहेर बोर्डापाशी गेले. यादीतल्या सगळ्यात शेवटच्या नावाखाली त्यांनी लाल पेनानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे मार्क टाकले: उणे एक.

अप्पांनी ती यादी वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली, सरांकडे वळले आणि टोपी घालता घालता त्यांना म्हणा— आले गं वैष्णवी! काही नाही, गणितच सोडवतेय, एवढं एक