झोपून बघा

गादीच्या दुकानात बहुतेक लोक गादी हाताने दाबून बघतात. मीही तळहाताने दोनदा दाबली आणि "चालेल" म्हणाले. दोन वर्षं माझी कंबर दुखते आहे, पण अनोळखी माणसांसमोर आडवं व्हायचं म्हणजे फारच झालं.

"ताई, हात दुखतोय का तुमचा?" दुकानदार म्हणाले. "नाही ना? मग झोपून बघा की."

"झोप गं," आई म्हणाली. "कोण बघतंय इथे?"

सगळेच बघत होते. मी चपला काढल्या, ओढणी सारखी केली आणि गादीच्या प्लास्टिकवर पाठ टेकली. वर पंखा फिरत होता. गादी मऊ आहे की कडक, काही सांगता येईना. दुखणं जुनं झालं की आराम कसा असतो, ते शरीर विसरत असावं.

"कसं वाटतंय?" आईने विचारलं.

"ठीक आहे."

माझ्या "ठीक आहे"वर आईचा भरवसा नाही. मला उठवून ती स्वतः आडवी झाली. एवढी रुंद गादी, पण ती अगदी काठाला, कुशीवर. भर दुपारी तिला आडवं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग ती उताणी झाली आणि तिने कमरेखाली हात सरकवला. रोज मी जिथे ठेवते, नेमका तिथेच. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी नुसतं पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारं प्लास्टिक बघत राहिले.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"ठीक आहे," आई म्हणाली, आणि उठली नाही.