ग्रेडरच्या इंजिनाची पितळी पट्टी

मंडळी, आज जीव पार आंबून गेलाय, पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, ऐंशी-नव्वदच्या दशकात साक्रीकडचे रस्ते ज्या मोटर ग्रेडरने सपाट केले, तो उद्या भंगारात जातोय. नाना आता नाहीत. निदान त्यांचं मशीन कुठलं, कोणत्या सालचं, एवढं तरी कळावं म्हणून सकाळीच धुळ्याहून साक्रीला गेलो.

भर उन्हात इंजिनावरचा काळा थर खरवडत बसलो. नंबरची पट्टी असायची तिथे नुसती भोकं! जुन्या मशीनवाल्यांना फोन लावले, तर ज्याचं त्याचं एकच, "आधी इंजिन नंबर सांगा."

वैतागून घरी आलो आणि आईसमोर चिडचिड केली. ती शांतपणे म्हणाली, "ती पितळनी पट्टी का? देव्हारामा शे ना. इंजिन खोलं तवय नाना घर लयी उनथात."

अरे देवा! म्हणजे इंजिन खोललं तेव्हा नानांनीच ती घरी आणली होती, आणि लहानपणापासून मी तिला कुळदेवीचा टाक समजून नमस्कार करतोय.

पट्टी हातात घेतली, वरचं हळद-कुंकू पुसलं. खाली लख्ख पितळ. आकडा मात्र एकही नाही. इतकी वर्षं दर दसऱ्याला आई ती चिंच लावून घासत आलीय.

"सापडना का नंबर?" तिने विचारलं.

"हो, सापडला," म्हणालो, पट्टी जागेवर ठेवली आणि हात जोडले.

तुम्ही असता, तर तिला खरं सांगितलं असतं?